अस्वलाचं पिल्लू अजून नदीतच आहे

बुऱ्हाणपूर, रविवार

ती. सौ. प्रतिभाताईस,

धाकट्या निरंजनचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे बरे आहेत. सुलभा नमस्कार सांगते. शीतल बारा वर्षांची झाली असल्यामुळे नमस्काराऐवजी मोबाइलवर अंगठा पाठवते, तो मिळाला असेल.

तुमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतायत आणि समारंभात मुलांना लग्नाची कॅसेट दाखवायची आहे. बुरशी लागलेली असली तरी माळ्यावरून शोध आणि साफ करून घे, असं तू तीनदा फोनवर सांगितलंस. त्या विषयाकडे मी येतोच आहे. (फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र.) त्याआधी एका प्रश्नावर तुझं मत हवं आहे. घरच्यांनी मिळून बघायचे कार्टूनचे सिनेमे पूर्वी चांगले होते की आता?

वाद शीतलने सुरू केला. तिच्याबरोबर मी अस्वलांचा एक नवा सिनेमा बघितला. त्यात अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसतो आणि भिजला की वेगळा भिजतो. पण सगळे सतत बोलतात. अस्वल बोलतं, मधमाशी बोलते, स्वयंपाकघरातला झारासुद्धा बोलतो. दर मिनिटाला विनोद, आणि दुष्ट माणूस शेवटी दुष्ट नसतोच, त्याचं बालपण वाईट गेलेलं असतं. (मी शिकवतो त्या शाळेतल्या कुठल्याही गणिताच्या मास्तराला हे कारण चाललं नसतं, मला धरून.) मधल्या काळातले, म्हणजे सीडीवर यायचे ते, मी आधीच नापास केले होते. त्यांतल्या माणसांचे चेहरे प्लॅस्टिकच्या मगासारखे गुळगुळीत असायचे. मी म्हटलं, खरे सिनेमे आमच्या लहानपणी होते, हाताने काढलेले. शीतल म्हणाली, "पप्पा, बोलून काय होतं? दाखवा ना!"

आता दाखवायला जुना सिनेमा कुठून आणायचा? तर एक सापडला. कुठे सापडला ते पुढे येईल. बाजारात हर्षलच्या स्टुडिओत अजून एक चालू व्हीसीआर आहे. तिथे आम्ही तिघं स्टुलांवर बसलो. हर्षलने कॅसेट उजेडात फिरवून बघितली आणि सुलभासमोर म्हणाला, "काका, फफूंद-वफूंद काहीच नाही हिला, एकदम सही आहे." बुरशीचं नाव निघताच मी खोकलो.

सिनेमा सुरू झाला आणि माझी बाजू लगेच पडायला लागली. आई हरवलेलं अस्वलाचं पिल्लू धावत होतं आणि त्याच्या मागून एकच झाड पाच वेळा गेलं. (मी लहानपणी याला जंगल समजत होतो.) खार आधी तपकिरी होती, नंतर करडी झाली. तोंडं बोलणं संपल्यावर हलत होती. शीतलने हसून सांगितलं, "वही झाड परत येऊन राहिलं, पप्पा!" मी मनातल्या मनात शंभरपैकी अठ्ठेचाळीस दिले. मग पिल्लू नदीकाठी बसतं. आई पलीकडच्या काठावर. पूर्ण एक मिनिट कुणी काही बोलत नाही. शीतलने स्टूल पुढे ओढलं. पिल्लू पाण्यात उतरतं, मध्यावर पोचतं, आणि सिनेमा तुटतो. मार्क देणं मी तिथेच थांबवलं.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. केळी वेगळी पाठवतो आहे, बहादरपूरची.

तुझा,
निरंजन

ता. क. १ : कॅसेटवर सिनेमा तुटल्यानंतर अकरा मिनिटं आणखी काहीतरी आहे. ती तुझी पाठवणी आहे. त्याआधीचं लग्न, मंगलाष्टकं आणि पंगत यांच्या जागी अस्वल आहे. तुझ्या लग्नानंतरच्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता आणि घरात दुसरी कॅसेट नव्हती. शूटिंगवाल्याने मागची पट्टी तोडून दिली होती, म्हणजे कॅसेटवर पुन्हा काही भरता येऊ नये. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. घरात लग्नं पुन्हा होतील, सिनेमा पुन्हा लागणार नाही, असा सहावीतला माझा हिशेब होता.

ता. क. २ : पिल्लू नदीच्या मध्यावर असताना नाना घरी आले आणि त्यांनी बटण बंद केलं. मला वाटलं, आता मार. ते काहीच बोलले नाहीत. पुढे तुला त्यांनीच सांगितलं, बुरशी लागली. मग तू दर दिवाळीला यायचीस आणि म्हणायचीस, नानांना साधी कॅसेट सांभाळता आली नाही. नाना खाली बघून फराळातला दराबा खात राहायचे आणि मीही खात राहायचो. ताई, मला त्याची फार लाज वाटते. त्या अकरा मिनिटांत नाना मांडवाच्या केळीच्या खांबाला धरून रडतायत. आपण मुलांनी त्यांना रडताना कधी बघितलं होतं का? समारंभात ते दाखवशील तेव्हा कॅसेट नानांनी खराब केली नव्हती, एवढं सगळ्यांना सांग. माझं नाव घे.

ता. क. ३ : भाऊजींना मात्र आधी जेवू दे, मग सांग.

ता. क. ४ : कॅसेट दराब्याच्या डब्याखाली ठेवून पाठवतो आहे. चिकटपट्टी काढलेली नाही. खोक्याच्या आत नानांच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे, ती मी परवा पहिल्यांदा वाचली. "प्रतिभाचा विवाह. बुरशी लागली आहे. निरंजनला काही विचारू नये." तू मात्र विचार.