बाजूची सीट

नेरडीगोंडा
मंगळवार

मावशी,

दोन्ही हातांनी नमस्कार. (उजव्या हाताचे ग्रीस अजून निघालेले नाही, तरी तो धरून घे.) बाळंतीण रंजीता आणि बाळ बरे असतील. तुझे गुडघे कसे आहेत? शनिवारी सव्वा महिना पुरा होतो, म्हणजे तू परतायला निघशील, आणि बसनेच निघशील. काका ठणठणीत आहेत. हे वाक्य मुद्दाम आधी लिहिले, म्हणजे पुढचे तू बसून वाचशील. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच थांबवले असतेस.

जूनअखेर वणीला जाताना तू मला दोन गोष्टी सांगितल्यास. काकांना बोलते कर, आणि स्टीअरिंगला हात लावू देऊ नकोस. (गाडी बंद हे तुझे म्हणणे. डॉक्टर फक्त मीठ कमी करा म्हणाले होते.) तुझ्या पायांना हात लावून मी दोन्ही कबूल केल्या. त्यातली एक पुरी झाली आहे. दुसरीसाठी हे पत्र आहे.

काका गप्प का झाले हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून बोथच्या फेरीला काकांची प्रवासी जीप अर्धी रिकामी जायची. ते त्यांनी सोसले. मग फेब्रुवारीत एक दिवस स्टँडवर तू हात केलास, त्यांनी जीप थांबवली, बाजूच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकली, आणि तू मागच्या बसमध्ये चढलीस. (तुझी चूक नाही. हात बसलाच केला होतास.) बावीस वर्षे ज्याने रस्त्यावरचा एकही हात चुकवला नाही, त्या माणसाने जीप अंगणात लावली ती लावलीच. पुढचे पाच महिने "हूं" आणि "भात नको" एवढेच.

जुलैत अमरने लाल गाडी आणली. (अमर म्हणजे माझ्या गॅरेजचा भागीदार, तुला न आवडणारा.) दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. निजामाबादच्या एका फोटो स्टुडिओमागे ती चार वर्षे उभी होती. लग्न ठरलेली जोडपी तिच्यावर बसून फोटो काढत, म्हणून बॉनेटला खड्डा आहे. किंमत दुभत्या म्हशीपेक्षा कमी. हैदराबादच्या पलीकडे असल्या जुन्या, स्वस्त गाड्यांची सहा तासांची शर्यत असते. त्यात पळण्यापेक्षा टिकणे महत्त्वाचे. चालक तीन, आणि कोणीही दोन तासांच्या वर चालवायचे नाही. अमर, मी आणि अमरचा मेहुणा चंदन असे ठरले. काकांची बाज मी फक्त गॅरेजच्या सावलीत आणून टाकली. बघायला काहीतरी असले की माणूस बोलतो, एवढाच हेतू.

गाडी उघडली तेव्हा गालिच्याखाली अक्षता, वाळका झेंडू आणि एक पैंजण निघाले. पेट्रोलच्या टाकीत गंज निघाला. उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा लागतो. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या धोंडीबाने केला. "आता हत्ती पडला तरी काई होत नाई," तो म्हणाला. अमर म्हणाला, "हत्ती शर्यतीत नाई भाऊ," कारण गाडी चार बोटे खाली बसली होती. कापसाच्या जिनिंगमधल्या काट्यावर वजन करायला नेली. काट्यावरच्या माणसाने सवयीने ओलावा किती म्हणून विचारले. परत येताना इंजिन उकळले. रोजच उकळू लागले. शेवटी फवारणीचा बॅटरी पंप गाडीत बांधून त्याची नळी रेडिएटरकडे सोडली. बटण दाबले की रेडिएटरवर पाण्याचा फवारा. (पंप तुझा आहे. तीनदा धुतला.) काका हे सगळे बाजेवरून बघत होते. मग वजन उतरवायचे म्हणून अमरने डावीकडची सीट काढून भिंतीशी टाकली.

"शीट काऊन काढली?"

काका विचारत होते. पाच महिन्यांनी आलेले वाक्य.

"वजन कमी कराचं हाये काका," अमर म्हणाला.

"मानूस कुटं बसंल?"

"शर्यतीत मानूस नाई बसवत."

"मंग चालवता काऊन?"

एवढे बोलून काका बाजेवरून उठले. मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखले. क्लच दोनदा खोलायला लावला. अमर इंजिन भुंकवायचा ते बंद केले. सतरा माणसे घेऊन दिवसाला बारा तास जीप हाकणाऱ्याला सहा तासांचे काय, असे ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर होते. जेवू लागले. भात मागून घेऊ लागले. तुला तेव्हाच कळवणार होतो.

परवा, रविवारी, शर्यत झाली. सकाळी चंदनचे पोट बिघडले. आदल्या दिवशीची ढाब्यावरची अंडी. तिसरा चालक नसता तर गाडी परत पिकअपवर चढली असती. मी काकांकडे बघितले नाही. त्यांनी लायसन्स आधीच खिशातून काढले होते. तिथल्या डॉक्टरने रक्तदाब मोजला. काकांचा एकशेतीस-ऐंशी. माझा लिहीत नाही.

पुढे गाडी आडवी झाली की वळणावरचा माणूस पिवळे निशाण हलवतो. सगळे थोडे हळू होतात, आणि तिथे कोणाला ओलांडायचे नसते. काकांच्या पाळीत ते हलले तेव्हा त्यांनी गाडी व्यवस्थित कडेला घेऊन थांबवली, मान बाहेर काढली आणि तेलुगूत विचारले, "एक्कडिकी?" कुठे जायचे म्हणून. त्याने ओरडून पुढे जायला सांगितले. पुढच्या फेरीला निशाण हलतच होते. काका पुन्हा थांबले, आणि या वेळी सीट नाही म्हणून त्याची माफी मागितली. त्याच वेळी वळणापलीकडे न थांबलेल्या तीन गाड्या एकमेकींत शिरल्या. (माणसांना काही झाले नाही.) धूळ बसेपर्यंत मी तुझ्या पायांना हात लावलेला आठवत होतो. मग धुळीतून आपली लाल गाडी संथपणे बाहेर आली, फवारा उडवत.

एकतीस गाड्या सुटल्या, सोळा स्वतःच्या चाकांवर परतल्या. आपण बारावे. निशाणाशी ओलांडल्याबद्दल अकरा गाड्यांना दंड झाला, आपल्याला नाही. काकांना विचारले तर म्हणाले, "हात केला होता ना त्यानं." परतीच्या वाटेवर कामारेड्डीपासून घरापर्यंत ते बोलत होते. आम्हाला झोपू दिले नाही. पुन्हा असे होणार नाही, याची खात्री बाळग.

तुझा,
पंकज

ता. क. डिसेंबरात पुन्हा शर्यत आहे. सोबतच्या, काकांसाठीच्या संमतीपत्रावर पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. वारस म्हणून परवा मी केली होती. भाचा एकदाच चालतो म्हणाले, यापुढे बायको हवी. हे पत्र आणणारी गोपालची भाजीची गाडी गुरुवारी तिकडून परत निघते, कागद तिच्यातच दे.

ता. क. २. खालचे काकांच्या हातचे आहे. मी वाचलेले नाही.

सई करजो. नाई केली तरी चालते. जीप चालू केली. शनवारी वनीच्या स्टँडवर येतो. बाजूची शीट पुसली हाये. बस उभी असंल तरी हात मले करजो.