चमचा भातात उभा राहिला त्याची हकिकत

आन्दोंग,
चांद्र नवव्या महिन्याची सुरुवात

तीर्थरूप दादांना,

धाकट्या तेसिकचा वाकून नमस्कार. एकदाच वाकलो आहे, याची नोंद घ्यावी. (दोनदा वाकायचं ते गेलेल्यांपुढे. आणि माझी मान हल्ली कुठे किती वेळा वाकेल याचा मलाच भरवसा राहिलेला नाही. का, ते पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? उल्सानची खारी हवा सांध्यांना वाईट, असं आपल्या गावचे वैद्य म्हणायचे. पण ते जन्मात कधी समुद्रावर गेले नव्हते, तेव्हा फार मनावर घेऊ नये. वहिनींच्या मनगटांच्या पट्ट्या सुटल्या का? देवळात गेलो की मी बुद्धांपुढे आधी वहिनींच्या मनगटांचं सांगतो, मग तुमच्या गुडघ्यांचं, आणि बुद्धांना वेळ असलाच तर माझ्या नोकरीचं. माझी नोकरी अजून टिकून आहे, त्यावरून त्यांना वेळ असतो असं दिसतं.

सुगीच्या पौर्णिमेला जेवणं झाल्यावर तुम्ही जे जाहीर केलंत, की यंदापासून बाबांची तिथी नाही, आईचीही नाही, वहिनींनी लग्न झाल्यापासून श्राद्धाच्या भाज्या निवडल्या तेवढ्या पुरे झाल्या, त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. तुम्ही थोरले. श्राद्ध थोरल्याच्या घरचं. धाकट्याने पेअरची पेटी घेऊन यायचं, वाकायचं, जेवायचं आणि शेवटची बस पकडायची. तुम्ही बंद म्हणालात, म्हणजे बंद. मी त्या दिवशी "बरं" म्हणालो आणि आजही "बरं"च म्हणतो. आई-बाबा आता कुठे जेवतील, हा विचार मला झोपू देत नाही, पण झोप न येणं हा वयाचाही परिणाम असू शकतो. हे पत्र केवळ एवढ्यासाठी, की परवा संध्याकाळी माझ्या कामावर जे घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाऊ नये. (गेलंच असेल, तर त्यातलं तिखट-मीठ वजा करावं.)

परवा बाबांची तिथी होती. मी रजा मागितली नाही, कारण कशासाठी म्हणून सांगणार? म्हटलं, चार माणसांत राहू, चालू, बोलू, दिवस जाईल. मी प्रवाशांना फिरवतो ती फेरी तुम्हाला ठाऊकच आहे. हातात कंदील, जुन्या कौलारू गल्ल्या, विटांचा मनोरा, नदीवरचा लाकडी पूल, आणि शेवटी नाम मावशींच्या खाणावळीत खोट्या श्राद्धाचं जेवण. परवा पंधरा-सोळा माणसं होती. सोलच्या एका कचेरीतली मंडळी त्यांच्या कू साहेबांबरोबर आली होती, म्हणजे साहेबांना हौस होती आणि बाकीच्यांना नोकरी होती. आणि एकटे आलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ह्वांग गुरुजी, बोंगह्वाकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. "दुसऱ्याच्या श्राद्धात पर्सिमनचं फळ इकडे ठेव, पेअर तिकडे ठेव" ही लुडबुड्यांवरची म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती म्हण टोपी घालून चालताना मी परवा प्रथमच पाहिली. मी मनोऱ्याबद्दल एक वाक्य बोललो की गुरुजी त्याची दोन वाक्यं दुरुस्त करत. पुलावर मी म्हणालो, "चंद्र इथून फार सुंदर दिसतो," तर म्हणाले, "आज कुठला चंद्र? महिना संपत आला." खरं होतं. मी रोजच्या सवयीने बोलून गेलो होतो. त्या संध्याकाळी सगळंच सवयीने चाललं होतं, आणि घोटाळा तिथेच झाला.

खाणावळीत जेवणाआधी मी एक छोटा देखावा करतो. पूर्वीच्या विद्यार्थ्यांना रात्री अभ्यास करताना भूक लागायची, पण शेजारी उपाशी असताना आपण चांगलंचुंगलं शिजवायची लाज वाटायची. म्हणून ते "आज आमच्याकडे श्राद्ध आहे" असं सांगून उदबत्ती लावत आणि सगळं स्वतःच जेवत, अशी गोष्ट. मग मी एक चौरंग पुढे ओढतो, त्यावर पितळी वाडग्यात भात, मुळ्याचं सूप, भाज्या, खारवलेला मासा, आणि सांगतो की हे श्राद्ध खोटं का. गेलेल्याच्या नावाची चिठ्ठी नाही, कुणी वाकत नाही, आणि मुख्य म्हणजे भातात चमचा उभा खोचत नाही, कारण जेवणारे तुम्ही आहात. इथे लोक हसतात आणि चमचे उचलतात.

परवा मी हे सगळं सांगितलं का, मला आठवत नाही. आठवतं ते असं, की उदबत्ती लावली आणि तिचा वास आला. पुढचं हातांनी केलं. पेल्यात दारू ओतली, धुरावरून फिरवली, ठेवली. दोनदा वाकलो, कपाळ टेकवून. उठलो, झाकण काढलं आणि चमचा भातात मधोमध उभा खोचला, खोलगट बाजू पूर्वेला. मागे वळून पाहतो तो सगळी कचेरी जमिनीवर पालथी! कार्यक्रमाचा भाग असणार म्हणून कू साहेब वाकले, आणि साहेब वाकल्यावर बाकीचे उभे कसे राहतील? दादा, आपले बाबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबले. सोलच्या पगारी माणसांची एवढी रांग त्यांच्यापुढे जिवंतपणी कधी वाकली नव्हती.

फक्त ह्वांग गुरुजी उभे होते. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गात खिडकीची काच फुटल्यावर विचारावं तसं विचारलं, "हे काय केलंत?" मी म्हणालो, "चुकून झालं, काढतो." तर म्हणाले, "खबरदार! जेवणाऱ्याच्या हातातला घास काढणार? चमचा उभा राहिला, आता हे जेवण आपलं नाही. चला, सगळे बाहेर. दार लावा." आणि त्यांनी खरोखर सगळ्यांना ओसरीवर काढून दार लावून घेतलं. आतून स्वयंपाकघरातून नाम मावशी ओरडल्या, "अहो मास्तर, माझं सूप गार होतंय! भुतांना जेवू घालताय ते घाला, पण गिऱ्हाइकांना कशाला उपाशी मारताय?" कू साहेबांनी अदबीने विचारलं, "साधारण किती वेळ लागेल?" गुरुजी म्हणाले, "नऊ घास खायला लागतो तेवढा." त्यावर युरिम नावाची कू साहेबांच्या कचेरीतली एक मुलगी म्हणाली, "ते कोण जेवतंय त्यावर आहे. आमची आजी असली तर उद्या सकाळी या. एकेक घास बत्तीसदा चावायची आणि दर घासाला सुनेला नावं ठेवायची."

सगळे हसले. मीही हसलो. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "बरं, कुणाची तिथी?" मी म्हणालो, "कुणाचीच नाही, देखावा आहे." ते म्हणाले, "अहो, चमचा उभा केलात, दार लागलं, आणि नाव कुणाचंच नाही? मग वाटेवरचा एखादा भुकेला बेवारस आत येऊन बसला असेल. त्याला उठवणार कोण? तुम्ही की मी?" दादा, मी देवभोळा माणूस आहे, तुम्ही मला त्यावरून नेहमी हसता. पण बंद दाराआड बाबांच्या तिथीला बाबांच्या जागी कुणी परका बसलाय, हे मला चालणार नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांची. आज."

 मग कू साहेबांनी फार हळू विचारलं, "काय आवडायचं त्यांना?" आणि मला खरं सांगावं लागलं, की आत जे वाढलंय त्यातलं काहीच नाही. श्राद्धाच्या जेवणात ना मिरची, ना लसूण. बाबा म्हणायचे, "मरणाची भीती नाही, पण मेल्यावर हे आळणी खावं लागणार, त्याची आहे." कुणाकडे तिथीला जायचे तर कोटाच्या खिशात हिरव्या मिरच्या घेऊन जायचे. (तुम्हाला आठवतं? आई तो खिसा शिवून टाकायची.) युरिम मागच्या बाजूने स्वयंपाकघरात गेली आणि दोन हिरव्या मिरच्या घेऊन आली. आता सगळ्यांनी ह्वांग गुरुजींकडे पाहिलं. श्राद्धाच्या पानावर मिरची म्हणजे नियमाचा खूनच. गुरुजींनी टोपी सारखी केली, आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "मी जरा नदी बघतो. म्हाताऱ्या माणसाला मागचं काही दिसत नाही." युरिमने दार वीतभर उघडलं, हात आत घातला, मिरच्या वाडग्याशेजारी ठेवल्या आणि दार लावलं. मग नियमाप्रमाणे आत जाण्याआधी तीनदा खोकायचं, तर तो मान आम्ही वयामुळे गुरुजींना दिला. त्यांना जो खोकला सुटला तो थांबेना. बाबांनी आत बहुतेक दुसऱ्यांदा भात मागून घेतला असावा.

जेवताना गुरुजी माझ्या शेजारी बसले. भाज्या सोया सॉसमध्ये कालवायच्या कशा, हे त्यांनी मला शिकवलं. (मी हे रोज लोकांना शिकवतो. मी "हो का?" म्हणालो.) मग भाताकडे बघत ते म्हणाले, "मी घरातला थोरला. बायको गेल्यावर मी आमच्याकडच्या तिथ्या बंद केल्या. भाऊ अजून फोन करत नाहीत." मी सूप त्यांच्यापुढे सरकवलं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं केलं तेव्हा एकानेही विचारलं नाही, की दादा, दमलास का? बंद केलं तेव्हा मात्र सगळ्यांनी विचारलं, का बंद केलंस?" आणि मग, "या मावशींकडे खोटं श्राद्ध जेवायला अधूनमधून येतो, फेरीबरोबर आजच आलो. खोटं आहे, म्हणून बरं वाटतं. कुणाला काही विचारावं लागत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटातला माशाचा तुकडा उलटा ठेवलाय म्हणून सरळ केला.

दादा, तुम्ही दमलात का, हे मी तुम्हाला कधी विचारलेलं नाही. आता विचारतो. उत्तर लिहायची घाई नाही.

परवानगीशिवाय धाकट्याने बाबांना जेवू घातलं, त्याचा राग आला असेल तर तो माझ्यावर काढावा. नाम मावशींवर नको, त्यांचं सूप आधीच गार झालेलं होतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा,
तेसिक

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दहाव्या महिन्यात आईची तिथी येते. त्या संध्याकाळी माझी फेरी आहे. तुम्ही आणि वहिनी साधे प्रवासी म्हणून या. मी ओळख दाखवणार नाही. मनोऱ्याबद्दल तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगेन आणि तुम्ही मान डोलवा. भाज्या नाम मावशी निवडतील, भांडी त्यांच्या मोरीत घासली जातील. तुमच्या घरचं श्राद्ध बंद ते बंदच. हे खोटं श्राद्ध, त्याला कुणाची हरकत नसावी. फक्त चमचा खोचायला घरातला थोरला असलेला बरा. माझा हात परवा चालला तो नकळत चालला. मुद्दाम करायला गेलो तर चालणार नाही.

ता. क. दुसरा. लिफाफा बंद करणार तोच वहिनींचा फोन आला. युरिमने परवाचे फोटो कुठेतरी टाकले, ते फिरत फिरत तुमच्या धाकट्या मुलीच्या फोनवर पोचले आणि तिने ते वहिनींना दाखवले. म्हणजे वरचं सगळं वहिनींना माझ्याआधी ठाऊक आहे. त्यांनी आईच्या तिथीच्या दोन जागा धरूनही टाकल्या. तुम्हाला म्हणे खारवलेला बांगडा खायला म्हणून आणणार आहेत, आणि मी तुम्हाला काही कळवायचं नाही असं बजावलंय. तेव्हा वहिनी बांगड्याचं नाव काढतील त्या वेळी कृपया चेहरा नवलाचा करा.

त्यांनी मला एकच विचारलं, "भावजी, स्वयंपाक नक्की दुसरं कुणी करणार ना?" मी म्हणालो, "नक्की."   मग म्हणाल्या, "दार लावून सगळे बाहेर उभे राहतात, ते मी कधी पाहिलंच नाही हो. मी आत तव्यापाशी असायचे. आईंना जेवू घातलं इतकी वर्षं, पण त्यांच्या दारात उभी अशी कधी राहिले नाही."

दादा, त्या दिवशी चमचा तुम्हीच खोचा. पण नंतर ओसरीवर दारापाशी जागा त्यांना द्या आणि आपण दोघं जरा मागे उभे राहू.