चालू ठेवायचं बटण

खरड, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णांना शुभदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडून उत्तरेतून फोन केला तरी तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. आपल्या रेवाचं हृदय थकलंय. तिच्या हृदयाचे खालचे दोन कप्पे जन्मापासूनच अदलाबदल झालेले आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. जो कप्पा फक्त फुप्फुसांपर्यंत रक्त पोचवायला असतो, तोच इतकी वर्षं तिच्या सगळ्या अंगाचा भार ओढत आला. इतकं ओढलं हेच नवल, असं तिच्या हृदयाच्या डॉक्टर नेत्रा म्हणाल्या. आता ती दोन पायऱ्या चढली की टेकते. सेक्टर ३९ च्या प्रयोगशाळेत कामाला जाणंही बंद झालंय.

बदली हृदय मिळेपर्यंत ती टिकेल याची खात्री नाही. म्हणून त्या कप्प्याला छोटा पंप जोडायचा म्हणतात. पंप छातीत, वायर पोटातून बाहेर आणि बॅटऱ्या खांद्याच्या पिशवीत. रेवा नाही म्हणते. प्लगला जोडलेलं आयुष्य नको, असं आम्हाला हिंदीत सुनावून तिने दार लावून घेतलं. बाप म्हणून माधव तिच्या दारापाशी खुर्ची टाकून बसलेत. मराठी ती फक्त तुमच्यासाठी लिहिते, तेव्हा तुम्हीच तिला समजवा. पंप नाही बसवला तर आपण तिला गमावू, अण्णा.

आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तब्येतीला तुम्हीच जपा. माया आहेच, ती पत्रातून पोचत राहू दे.

तुमची
शुभदा

कराड, ११ फेब्रुवारी

चि. रेवा हिला अण्णांचे पोटभर आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, मी तुला समजवावं. मी कशाला समजवू, शिकलेली तू. मला आपलं विचारायचं आहे. पंपाला वीज किती लागते? खरडला लाइट गेली तर काय करायचं? घराचं अर्थिंग कुणी तपासलंय का?

माझा जन्म वीज मंडळात गेला. कोयनेकडच्या वाड्यांवर पहिला दिवा लागला, की म्हातारी माणसं बल्बला हात जोडायची आणि आम्ही पोरं खांबावर बसून हसायचो. तुझ्या आईचं पत्र आल्यापासून ते हसणं आठवून मलाच ओशाळल्यासारखं होतं. जी वीज मी तारेतून गावोगाव नेली, ती माणसाच्या छातीत शिरून रक्त पुढे ढकलते म्हणे. मी ते पत्र चारदा वाचलं.

प्लगला जोडलेलं आयुष्य नको म्हणतेस. अगं, मी चष्म्याला, कवळीला आणि शेजारच्या सुलोचनाकाकूंच्या डब्याला जोडलेला आहे. अजून तरी मला कुणी कमी लेखलेलं नाही. तू गेलीस तर मला सोसायचं नाही, पोरी.

उत्तर लवकर पाठव, म्हातारा वाट बघतोय.

तुझे
अण्णा

खरड, २० फेब्रुवारी

प्रिय अण्णा, सा. न.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, नाहीतर पुढे वाचणार नाही तुम्ही. पंपाला पाच-सहा वॅट लागतात, म्हणजे तुमच्या देवघरातल्या छोट्या दिव्याएवढे. लाइट गेली तर बॅटऱ्या आहेत, शिवाय बाबांनी इन्व्हर्टर सांगितलाय. अर्थिंग बघायला हॉस्पिटलचा माणूस येऊन गेला. तुमच्यासारखाच खडूस होता, पक्का.

काल डॉक्टर नेत्रांनी माझ्या हृदयाची प्रतिकृती दाखवली. स्कॅनवरून प्लास्टिकची छापून घेतलीय, अगदी माझ्याच मापाची. असे पंप नेहमीच्या रचनेच्या हृदयांसाठी बनवतात, म्हणून माझ्या उलट्या हृदयात तो कुठे नि कसा बसेल हे त्या आधी या प्रतिकृतीवर करून बघतायत. त्यांनी ती माझ्या हातात दिली. अण्णा, मी जन्मभर या हृदयावर चिडत आले. शाळेत पळू दिलं नाही, ट्रेकला जाऊ दिलं नाही. हातात घेतलं तेव्हा मूठभर निघालं ते. एवढंसं असून, चुकीच्या जागी बसून, मला इथवर घेऊन आलं. मी तिथेच रडले आणि हो म्हणून आले.

एक सांगून ठेवते. पंप रक्त सलग वाहवतो, ठोक्याठोक्याने नाही. त्यामुळे मनगटावर नाडी बहुतेक लागणार नाही. तुम्ही दर भेटीत आधी माझं मनगट धरता आणि मग खुशाली विचारता. तेव्हा घाबरायचं नाही.

आशीर्वाद जरा जास्तीचे पाठवा, यार.

तुमची
रेवा

खरड, २२ एप्रिल

तीर्थरूप अण्णांना शुभदाचा साष्टांग नमस्कार.

ऑपरेशन सुखरूप झाल्याचं माधवनी कळवलं होतंच. आता रेवा घरी आलीय. काल स्वतःच्या पायांनी जिना चढून गच्चीवर गेली आणि कसौलीचे डोंगर बघत उभी राहिली. धाप लागली नाही. मी तिच्या मागे खुर्ची घेऊन चढले होते, ती रिकामीच खाली आणली.

पण तुमच्या शिस्तीने परवा माझा जीव घेतला. घरातून निघताना सगळी बटणं बंद करायची, हे तुम्ही लहानपणापासून अंगात भिनवलेलं. भाजीला निघाले, रेवा झोपली होती, हात आपसूक तिच्या खोलीतल्या बटणावर गेला. तिचा पंप त्याच विजेवर चालला होता. यंत्र कर्कश वाजायला लागलं. राखीव बॅटरी असते म्हणून पंप थांबला नाही. रेवाने उठून बॅटऱ्या जोडल्या आणि मलाच पाणी आणून दिलं. मग तिने त्या बटणावर कुंकवाचं बोट ओढलं, तुम्ही दसऱ्याला पक्कड-पान्यांना लावता तसं. आता तिकडे कुणाचा हात जात नाही.

मे महिन्यात या. तिला डोळ्यांनी बघा.

तुमची
शुभदा

कराड, ९ जून

चि. रेवा, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू पिशवी खांद्याला लावून पुन्हा प्रयोगशाळेत जायला लागलीस, हे इथे भेटेल त्याला सांगतोय.

तुमच्या दारात पाऊल टाकलं आणि सवयीने तुझं मनगट धरलं. तू लिहिलं होतंस, मी वाचलंही होतं, तरी बोटं शोधत राहिली. मनगटात काही नाही, आणि तू समोर उभी राहून विचारतेस, चहात साखर किती. असं नवल मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. मग तू माझा हात उचलून बरगडीपाशी ठेवलास. पिठाची गिरणी चालू असताना तिच्या भिंतीला हात लावला की लागते, तशी बारीक घरघर तळव्याला लागली. मला कित्येक वर्षांत धड काही ऐकू आलेलं नाही, पण ते आलं. म्हणून रडलो. तुझ्या आईला वाटलं मी घाबरलो, तिला तेवढं सांग.

बदली हृदय मिळेल तेव्हा मिळेल. तोवर हे चालू आहे.

इथे पहिल्याच दिवशी झोपण्याआधी सगळी बटणं बंद करत फिरलो. देवघरातल्या छोट्या दिव्यापाशी आलो आणि हात पुढे होईना. तुझी आजी असल्यापासून तो दिवा रोज मीच बंद करत आलोय. त्या बटणाला कुंकवाचं बोट लावलं आणि तसाच ठेवला. सकाळी सुलोचनाकाकू डबा घेऊन आल्या, म्हणाल्या दिवा विसरलात. विसरलो नाही, असं त्यांना सांगितलं.

लोभ असू दे आणि बॅटऱ्या भरलेल्या असू देत.

तुझे
अण्णा