बसायचं बटण

रविवार, दिवेलागणीला

सुनीलची एसटी मघाशीच गेली. माझा हा नवरा श्रीगोंद्याला साखर कारखान्यात, मी राहुरीत. एरवी संध्याकाळी मोबाईलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये एका टीमला, तेवढीच भेट. आणि तिथंही माझ्यावर ओरडा! "अगं, गोळ्या आल्या की खाली बस! लई सुस्त हायेस तू." बसायचं बटण दाबायला मलाच का उशीर होतो? इतकी मंद आहे का मी?

आज कळलं. माझ्या मोबाईलवर बटणं त्यानंच लावलेली, स्वतःच्या हाताच्या मापानं. माझा अंगठा तिथवर पोचतच नव्हता! दाखवलं, तर त्यानं पाना फिरवून घट्टे पडलेला आपला अंगठा माझ्या अंगठ्याशेजारी धरला. "एवढासाच हाय व्हय?" इतक्या वर्षांच्या संसारात हे आज दिसलं साहेबांना! मग त्यानंच बटण कडेला सरकवलं, मोठंही केलं.

आता एसटीतूनच त्यानं गेम लावला. बसायचं बटण बरोबर अंगठ्याखाली आलं, तरी मी पहिल्याच डावात मेले.

"आता का न्हाई बसलीस?" तो फोनवर ओरडला.

मी माझ्या त्या अंगठ्याकडेच बघत राहिले होते.