ग्रोझ्दाच्या गुलाबाला वीस युरो

१० फेब्रुवारी, पहाटे पाच
गावाच्या फोन-ग्रुपवर ग्रोझ्दाचं गुलाब आलं. रोज येतं. "शुभ सकाळ, सुंदऱ्यांनो!" सत्तरीच्या सुंदऱ्या! मग किरो मास्तरच्या मांजराचा फोटो. झोपेचं खोबरं. फोन बंद करत नाही, गावात कोण मेलं ते कळायला नको? मी मात्र ग्रुपवर कामाचंच लिहिते. काल फक्त गुडघा, शेळी आणि परत गुडघा.

११ फेब्रुवारी
सोफियाहून सुनेचा फोन. म्हटलं, रालित्सा, त्या बयेला हाकल. म्हणे, "आई, या ग्रुपला मालकच नाही. तो सगळ्यांच्या फोनांत मिळून राहतो. हाकलणार कोण?" पण उपाय आहे. लिहायचं तर वीस युरोची डिजिटल नाणी अनामत ठेवायची. तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला, कोणाकडूनही, की पाठवणाऱ्यांची नाणी खाक. परत भरेपर्यंत तोंड बंद. नाणी कोणालाच मिळत नाहीत. हे जरा लागलं.

१४ फेब्रुवारी
द्राक्षवाल्या संत त्रिफोनचा सण. मळ्यात द्राक्षवेलींची छाटणी, मग वाईन. सगळे रंगात आल्यावर विषय काढला. एकमताने मंजूर, वीस-वीस युरोही तिथेच भरले. ग्रोझ्दाने तर माझा मुका घेतला. घे म्हटलं, शेवटचा.

१९ फेब्रुवारी
ग्रोझ्दा रोज नवं फूल पाठवते. आज फ्लॉवर. भाजीचा. फुलं संपतीलच कधीतरी.

२२ फेब्रुवारी, क्षमेचा रविवार
आज सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागायची. पाद्रीबुवांनी लिहिलं, "माफ करा." मग गावप्रमुखाने. मग किरोने, ग्रोझ्दाने, झाडून सगळ्यांनी. तेच दोन शब्द! जेवणाआधी गावाची अनामत खाक. मी एकटी वाचले. मी कशाला माफी मागू? माझं कधी काही चुकलेलंच नाही.

२३ फेब्रुवारी
ग्रुपवर आता मीच लिहू शकते. गुडघ्याबद्दल सविस्तर लिहिलं. कोणी हूं की चूं नाही. याला म्हणतात शिस्त. उद्या नऊपर्यंत झोपणार.

२४ फेब्रुवारी, पहाटे पाच
फाटकात ग्रोझ्दा. सदेह. हातात प्लॅस्टिकचं गुलाब. "शुभ सकाळ, सुंदरी!" गावभरची कुत्री उठली. म्हटलं, अगं भवाने, घड्याळ बघ! म्हणे, "फोनवर बोलती बंद केलीस ना? आता रोज येईन. चालणं तब्येतीला बरं." तिच्यामागे किरो. काखेत मांजर.
२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
रालित्साला सांगून दोघांची अनामत मीच भरली. शेळीच्या चाऱ्याचे पैसे गेले. पण डोकं लागतं असल्या गोष्टींना.

२५ फेब्रुवारी, पहाटे पाच
फोनवर गुलाब आलं.
पाठोपाठ ग्रोझ्दा फाटकात. पोचलं का विचारायला.