आमची भट्टी आणि तुमचा भाऊ

तीर्थरूप आर्डिसवहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द रिवाजापुरता लिहिलेला नाही. परवा टपालपेटीपर्यंत जाताना बर्फावरून असा घसरलो की आठही अंगं एकदम जमिनीला टेकली, आणि टेकलोच आहोत तर थोरल्या वहिनींची आठवण काढावी असं मनात आलं. (उठवायला कॉरीन आली. आधी पोटभर हसली, मग हात दिला.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हाने उतार पडला असेल. तुमचा फोटो पोचला, जानेवारीत संत्र्याच्या झाडाखाली बिनबाह्यांच्या झग्यात बसलेल्या. तो आम्ही फ्रिजवर लावलाय आणि जाता-येता त्याच्यासमोर हात शेकतो. दादा गेल्यावर तुम्ही हिवाळाभर तिकडे जायला लागलात ते बरंच केलंत, पण तुमचं घर बंद असलं की आमच्या गल्लीत कुणाला दोन शब्द सुनावणारं माणूसच उरत नाही.

तर हकीकत अशी, की आमच्या तळघरातल्या गॅसच्या भट्टीने गार हवा फुंकायला सुरुवात केली आहे. बंद पडली असती तर एक वेळ समजलं असतं. ही बंद नाही, ही इमानेइतबारे चालू आहे, घुर्रर्र आवाज करते, आणि जमिनीतल्या प्रत्येक जाळीतून थेट उत्तर ध्रुवाची हवा सोडते. बाहेर उणे पंचवीस. आणि वेळ कुठली साधली म्हणाल तर पुढच्या शनिवारी आमची क्रिस्टा तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी येते आहे, रविवारी आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा. तिने फोनवर गोड आवाजात बजावलंय, "बाबा, घर गार असलं तर आम्ही आपले फार्गोला सासूबाईंकडेच उतरू." व्याह्यांच्या घरी फरशीखालून ऊब येते म्हणे. व्याही हे दर भेटीत सांगतो, आणि पायातले मोजे काढून सांगतो. माझी नात पहिली रात्र त्या माणसाच्या फरशीवर काढणार? माझा जीव गेला तरी मी हे होऊ देणार नाही, वहिनी.

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर सगळ्या तालुक्याच्या भट्ट्या एकदम रुसल्यात, नंबर लागायला वेळ आहे. मग म्हटलं आपणच बघू. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही मध्येच बंद पडायचीच. आधी भिंतीवरचा तापमानाचा खटका पाहिला. तिथे पंखा 'ऑन'वर ठेवला की भट्टी पेटो न पेटो, पंखा आपला फुंकत राहतो. तसाच होता. मी विजयी मुद्रेने कॉरीनकडे पाहिलं, तिने शांतपणे सांगितलं, "ऑगस्टात उकडतं म्हणून तो तूच फिरवला होतास." 'ऑटो'वर आणला, तर आता गार हवाही येईना. मग जाळीदार गाळणी काढली. तिच्यात कुत्र्याचे इतके केस निघाले की आणखी एक कुत्रं सहज झालं असतं (आमचं कुत्रं बराच वेळ ते हुंगत बसलं). नवी घातली, पहिले पाढे पंचावन्न. मग ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी एक काडी असते, ती भांड्यांच्या तारेच्या घासणीने लखलखीत केली. भट्टी खोकली, पेटली, मी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात विझली. मी हात टेकले आणि दोन टोप्या घालून वर येऊन बसलो. कॉरीन खिडकीशी बटाटे सोलत होती. म्हणाली, भिंतीबाहेरचे ते दोन पांढरे पाइप दिसत नाहीत हल्ली, काढलेस की काय?

वहिनी, भट्टी त्या पाइपांतून श्वास घेते. एकातून आत, एकातून बाहेर. ते दोन्ही कंबरभर बर्फाखाली होते. श्वास कोंडला की ती शहाणी आपली ज्योत स्वतःच विझवते. फावड्याने उकरलं, आणि घर असं तापलं की मी दोन्ही टोप्या काढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गार. पाइप पुन्हा गडप. आभाळातून एवढा बर्फ नुसत्या एका भिंतीवर कसा पडतो, म्हणून मी पडद्याआड दबा धरून बसलो. उजाडता उजाडता तुमचे धाकटे बंधू ऑर्व्हिल पलीकडच्या घरातून आपलं बर्फ उडवायचं मशीन घेऊन आले, आणि न सांगता, न मागता, आमचा सगळा रस्ता स्वच्छ करून त्याचा फवारा आमच्या भिंतीवर धरला.

आता तुम्ही म्हणाल, मग सांग की त्याला. कसं सांगू? लॅव्हॉनसारखी बायको गेल्यापासून तो माणूस सकाळी उठतो तो एवढ्यासाठी. उरलेला दिवस खिडकीत बसून आभाळाकडे बघतो, बर्फ येतोय का म्हणून. शिवाय फुकटचं आपण घेत नाही. प्रत्येक खेपेला कॉरीन त्याला मी तळ्यावर धरलेल्या पाइक माशाची बरणी पाठवते, कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली. इतका गोड व्यवहार चाललेला असताना तोंड कसं उघडायचं? पाइप उंच करून घेता येईल, पण मग ऑर्व्हिल विचारणार, उंच का केला. म्हणून मी नुसतं सुचवून पाहिलं. पाइपाजवळ काठीला लाल फडकं बांधून रोवलं. ऑर्व्हिलने दुसऱ्या दिवशी माझा खांदा थोपटला. "बरं केलंस रे व्हर्लिन," म्हणाला, "आता नेम चुकत नाही."

बाकी सर्व क्षेम. कॉरीनचा नमस्कार, कुत्र्याची शेपूट.

तुमचा दीर,
व्हर्लिन

ता. क. : तेव्हा वहिनी, त्याला तुम्हीच सांगा, की बर्फ दुसऱ्या बाजूला उडव. मी कळवलं म्हणू नका. तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा. फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावता, आणि तुमच्या पत्त्यांच्या टेबलाभोवतीच्या बायका आपल्याच गावाहून तिकडे आलेल्या. संध्याकाळच्या आत बातमी ऑर्व्हिलच्या घरी पोचली असती.

ता. क. २ : रस्ता बंद असल्याने टपाल गेलं नाही, आणि आत्ताच तुमचा फोन येऊन गेला. म्हणजे ऑर्व्हिलला पाइक मासा लहानपणापासून बघवत नाही? आणि तळघरात बरण्यांची रांग लागली आहे? आणि प्रत्येक बरणी आली की याचे उपकार कसे फेडू म्हणून तो चिमूटभर बर्फ पडला तरी मशीन काढतो, आणि "त्या बरण्या थांबवायला व्हर्लिनला सांग, पण मी कळवलं म्हणू नकोस," असं त्याने तुम्हाला सांगितलं? मी इतका हसलो की कॉरीन जिन्यावरून धावत आली. तेव्हा वरची विनंती रद्द. बरण्या चालूच राहतील. त्या थांबल्या तर मशीन थांबेल, आणि मग तो उठणार कशाला? मला तो उठलेला हवा आहे, वहिनी.

ता. क. ३ : आज पहाटे मी पाइपासमोर जाऊन उभा राहिलो. फवारा माझ्या अंगावर धरणं त्याला जमेना. मशीन बंद करून विचारलं, इथे काय करतोस? म्हटलं, ऊब घेतोय. तोही शेजारी येऊन उभा राहिला, हातमोजे काढून पाइपाच्या वाफेवर हात धरले. मग त्याने मशीनचं तोंड गुपचूप दुसरीकडे वळवलं आणि लॅव्हॉन गेल्यानंतर प्रथमच आत येऊन कॉफी घेतली. घर मस्त तापलंय. क्रिस्टाला कळवलंय, व्याह्यांनाही कळवलंय.

ता. क. ४ : दुसरीकडे म्हणजे शेजारी तुमच्या घराच्या भिंतीकडे. नळ गोठू नयेत म्हणून तुम्ही मंद चालू ठेवलेल्या भट्टीचेही पाइप तिथेच आहेत हे मला कॉफीनंतर आठवलं. मी रोज उकरीन, त्याची चिंता नको, त्याला बोलायची काही माझ्यात हिंमत नाही. फक्त तुमच्या मागच्या दाराची किल्ली कुठल्या कुंडीखाली असते, तेवढं हे पत्र मिळताच कळवा. काळजीचं कारण नाही. तळघरात पाणी गोठलंय का, तेवढंच बघायचं आहे.