नाव घातलेला डबा

पिंपळे गुरव,
मंगळवार

प्रिय वर्षाली,

घाबरू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. चार वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार असंच तुला वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाना ठणठणीत आहेत आणि मीही आहे. पत्र तुझ्या आत्याच्या साधनाकडे देतेय. ती चाकणच्या कंपनीत जाते, तूही चाकणलाच राहतेस आणि तुझं घर तिला माहीत आहे, एवढं मला माहीत आहे. मी तिला कधी तुझं काही विचारलं नाही, तिनेही आपणहून कधी सांगितलं नाही. पण आता मला एका गोष्टीचं खरं उत्तर हवंय. आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेली ती बाई तू पाठवली होतीस का?

दिवाळीनंतर रोहिदास एजंट तिला घेऊन आला. नाव लालरिनमोई, गाव ऐझॉल, मिझोराममधलं. वय तुझ्याएवढंच, अंगाने लहानखुरी, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. गल्लीने लगेच तिची रीना करून टाकली. पोलिसांच्या फॉर्मवर कामाच्या रकान्यात तिने मिशनरी असं लिहिलं होतं. नाना म्हणाले, “मिशनचं म्हंजे शाळा-दवाखान्यातलं काम असंल. पोरगी गरीब दिसती, ऱ्हाऊ दे.” माझं मन मात्र तयार नव्हतं. मिशन म्हटलं की मला दुसरं कुणी आठवत नाही गं, तुझा रणजीतच आठवतो. चर्चमध्ये पेटी वाजवणारा तुझा नगरकडचा नवरा. आमच्या घरात पुन्हा हेच कसं आलं, हा संशय मी पहिल्या दिवसापासून जो धरला, तो सोडला नाही.

तिला मराठी शिकायची होती. शिकायची म्हणजे काय, ती हट्टालाच पेटली होती. भाजीवाला तिच्याशी हिंदीत बोलला की ही मान हलवून मराठीतच अडखळायची, आणि मागे रांग लागायची. मग रोज दुपारी अर्धा तास माझ्यापाशी येऊन बसायला लागली. बसायची ती नेमकी उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये म्हटलं तर वहीत लिहून घेतलं. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी मीठ मागायला आली, तेव्हा मी नाही म्हटलं, तर बिचारी तोंड पाडून गेली. तिला वाटलं माझं मीठ संपलंय, म्हणून सकाळी दुकानातून माझ्यासाठीच मिठाचा पुडा घेऊन आली. जेवलीस का म्हणून कुणी जाता-जाता विचारलं की ही थांबून काय काय खाल्लं त्याची यादी सांगायची. तिच्या खोलीतून आंबवलेल्या सोयाबीनचा असा वास यायचा की मी दोनदा गटार तपासलं. मी हसायचे, नाही असं नाही. पण संध्याकाळी गच्चीत उभी राहून आईला फोन करायची, त्यांच्या भाषेत, आणि रडायची. भाषा कळत नव्हती, रडणं कळत होतं. मी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने तिथे घुटमळायचे. ती आईला रोज फोन करते, हे मी मोजून ठेवलं होतं. का, ते विचारू नकोस.

माझ्या संशयाला खतपाणी घालायला दोन गोष्टी होत्या. एक तिची वही. कुणाशीही बोलली की लगेच वही काढायची. शेजारच्या छबूबाईचा गुडघा, किराणावाल्या मारुतरावांची सून, सगळं तीत. दुसरी गोष्ट, दर रविवारी सकाळी ही नाशिक फाट्यावरून चाकणची बस पकडायची. विचारलं तर म्हणायची, तिकडच्या कंपन्यांत आमच्याकडची मुलं आहेत, त्यांची प्रार्थना घेते. चाकण ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. एवढं पुणं-पिंपरी पडलेलं असताना हिला चाकणच कसं सापडलं? हिला माझ्या लेकीने पाठवलंय, ही तिकडे जाऊन आमच्या घरातल्या खबरा देते, असं मी मनात पक्कं केलं. आणि खरं सांगू? हे पक्कं केल्यावर मी दर शनिवारी तिच्यासमोर मुद्दाम मोठ्याने बोलायचे, माझी कंबर दुखते, डोळ्याला कमी दिसतं, असं. तुझ्यापर्यंत जावं म्हणून. मी अशी आहे.

पाडव्याला तिला वाटीभर श्रीखंड पाठवलं. वाटी घासूनपुसून आली, पण रिकामी. मला राग आलाच. छबूबाईने तर तिला जिन्यातच धरलं. “आगं बाई, शेजारणीचं भांडं रिकामं माघारी द्येत न्हाईत. चिमूटभर साखर तरी घालावी. आन् भांडं ज्याचं हाय त्याच्याच हातात द्यावं, वाटंतल्याच्या न्हाई.” रीनाने हेही वहीत लिहून घेतलं. त्या शेवटच्या वाक्याने पुढे काय उत्पात होणार आहे, हे छबूबाईला काय ठाऊक!

मागच्या महिन्यात रीना तापाने पडली. चार दिवस वरून पावलांचा आवाज नाही. मी मुगाची खिचडी केली आणि डबा शोधायला लागले. घरातला चांगला डबा दिला तर परत येईल की नाही कोण जाणे, म्हणून स्टुलावर चढून माळ्यावरचा एक कडीचा डबा काढला. असं मी माझ्या मनाला सांगितलं. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तुला आठवतं, तू आठवीत गेलीस तेव्हापासून दर धनत्रयोदशीला मी पिंपरीच्या बाजारातून तुझ्या संसारासाठी एक-एक भांडं घ्यायचे आणि दुकानातच त्यावर तुझं नाव घालून घ्यायचे. तू रजिस्टर लग्न करून गेलीस, त्या दिवशी नाना म्हणाले, ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई, आन् ती भांडी भंगारात घाल. मी भंगारवाल्याला हाक मारली, जुनी घमेली दिली आणि तुझी भांडी साड्यांत गुंडाळून माळ्यावर लपवली. एक पोरगी घरापासून लांब तापाने फणफणलीय आणि तिच्यासाठी काहीतरी न्यायचंय, तेव्हा हात त्याच डब्याकडे गेला. त्यावर नाव आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही, इतकी वर्षं ते नाव मी मनातच वाचत आले होते.

रीना बरी झाली. तोवर तिला मराठी अक्षरं वाचता यायला लागली होती. आठ दिवस झाले तरी डबा खाली आला नाही आणि मी म्हटलं, बघा, म्हणतच होते. तेवढ्यात छबूबाई धापा टाकत आली. “सुमन, तुझी भाडेकरीण तुझ्या वर्षालीला हुडकतीया. घरोघर इचारतीया, वर्षाली कुठं ऱ्हाती म्हून.”  चार वर्षांत या गल्लीत माझ्यासमोर कुणी तुझं नाव घेतलं नव्हतं, आणि ही परमुलखातली बाई ते दारोदार घेऊन फिरत होती! माझा संशय खरा ठरला, पण त्याचं बरं काही वाटलं नाही. ती बाहेर गेलेली बघून मी दुसऱ्या चावीने तिची खोली उघडली. चूक केली, मान्य आहे. वही उशाशीच होती. त्यात शाळेतल्या पोरीसारख्या अक्षरांत लिहिलं होतं: डबा वर्षालीचा. ज्याचा त्याच्या हातात. वर्षाली कुठे? छबूबाई गप्प. मारुतराव गप्प, साखर तोलली. सुमनताईंना दोनदा विचारणार होते, त्यांचे डोळे बघून विचारलं नाही. तिथेच कट्ट्यावर डबा होता. झाकण उघडलं तर काठोकाठ साखर.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. तुझ्या नावाने रडायला मला चार वर्षं घरात जागा मिळाली नव्हती, ती भाडेकरणीच्या खोलीत मिळाली. संध्याकाळी तिला सरळ म्हटलं, डबा माझा आहे, दे. तिने डबा छातीशी धरला. “नाही सुमनताई. नाव वर्षाली. मी वर्षालीला देणार.” मी समजावलं, ओरडले, तरी ढिम्म. आपलीच रीत ती आपल्याला शिकवत होती. नाना ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “नाना, वर्षाली कुठे राहते?” मला वाटलं, आता हिचं सामान रस्त्यावर जाणार. नानांनी डब्यावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. भांडी भंगारात गेली नव्हती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग खाली बघत म्हणाले, “चाकणला.”

वर्षाली, तुझं नावही घेऊ न देणाऱ्या माणसाला चाकण कसं ठाऊक? माझा संशय रीनावरून उठला तो थेट नानांवर जाऊन बसला. दर शनिवारी हा माणूस स्कूटर काढून चाकणच्या बाजाराला कांदे आणायला जातो. कांदे काय इथे मिळत नाहीत? मी आपली समजत होते, शेती गेली तरी माणसाची सवय जात नाही. रात्री जेवताना मी नुसती वाढत राहिले. तेच आपणहून बोलले. “बाजारापल्याड चहाच्या टपरीवर बसतो. तिथनं तिची बिल्डिंग दिसती. बारीक झालीया.” मग घास हातात तसाच धरून म्हणाले, “पोरगी चालाय लागलीया तिची.”

मला नात आहे, हे मला असं कळलं. कांद्याच्या पिशवीमागे लपलेलं. मी नानांवर इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि तुझ्यावरही चिडलेली आहे, साधनावरही आहे. सगळ्यांना ठाऊक, फक्त आजीला नाही. रीनाला विचारलं, तू चाकणला माझ्या लेकीला भेटलीस का कधी? ती म्हणाली, चाकण खूप मोठं आहे सुमनताई, मला तर बसस्टॉपसुद्धा सापडत नाही. खरं असेल. पण ती नानांपुढे डबा घेऊन उभी राहिली, तेव्हा तिला खरंच काही कळत नव्हतं, की सगळं कळून ती भोळेपणाचं सोंग करत होती, ही शंका माझी अजून गेलेली नाही. तू पाठवली नसशील तर तसं लिही, म्हणजे निदान तिचं एकटीचं डोकं किती चालतं ते मला कळेल.

पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी. शनिवारी नाना कांद्याला येतील. त्यांना टपरीवर बसू देऊ नकोस, पोरीला घेऊन त्यांच्यासमोर जा. रणजीतला सुट्टी असली तर त्यालाही सांग. मी दार लावणार नाही, एवढं आज म्हणू शकते, पुढचं पुढे बघू. डबा वरच्या खोलीत आहे, आणि ती मुलगी तो तुझ्या हातात दिल्याशिवाय सोडणार नाही. मुंग्या लागल्या म्हणून तिने साखर दोनदा बदललीय. आणि एक काम माझं. शुक्रवारी मी पिंपरीच्या बाजारात जाणार आहे, लहान मुलीला पाणी प्यायला येईल असा एक पेला घ्यायला. दुकानदार त्यावर काय नाव घालू म्हणून विचारेल. नानांनी चार वर्षांत लांबून सगळं बघितलं, पण तिला हाक कशी मारतात ते काही त्यांना ऐकू आलं नाही. साधनाच्या हाती चिठ्ठी दे. तिचं नाव कळव.

तुझीच, अजून रागावलेली,
आई